सुवार्ता नाकारणाऱ्याला करुणेने सावध कसे करावे

जिवाभावाच्या माणसाने ख्रिस्ताची सुवार्ता ऐकून ती नाकारली की विश्वासणाऱ्याच्या मनात दोन भीती एकदमच उभ्या राहतात. बोललो तर नाते दुरावेल, आणि न बोललो तर आपण जे जीवनमरणाचे सत्य मानतो ते त्या माणसापासून दडवून ठेवल्यासारखे होईल. बहुतेक जण यातून एक सोपी वाट धरतात. काही जण वर्षानुवर्षे गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्याला सौजन्य म्हणतात. काही जण प्रत्येक भेटीत तोच विषय काढून समोरच्याला इतके हैराण करतात की पुढे त्यांची चाहूल लागली तरी तो माणूस उठून जातो. ख्रिस्तामध्ये देव पापांची क्षमा देतो हा सुवार्तेचा पूर्वार्ध; ती क्षमा नाकारली तर देवाच्या न्यायाला सामोरे जावे लागते हा इशारा. माझे म्हणणे असे की इशारा हा सुवार्तेचाच उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध न सांगता तो दिला तर तो धमकी ठरतो. पूर्वार्ध सांगून तो कायमचा गाळला तर क्रूसावर जे घडले त्याची गरज काय होती, हेच समोरच्याला कळत नाही. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

बोलण्यापूर्वी स्वतःकडे पाहणे

पवित्र शास्त्रात इशारा देणारे अनेक आहेत, पण त्यांची मने सारखी नाहीत. योना संदेष्ट्याने निनवे नगराला जाऊन चाळीस दिवसांत नगराचा नाश होईल असे सांगितले. शब्द देवाचे होते, निरोप खरा होता, आणि नगराने पश्चात्तापही केला. तरीही योना रागावून नगराबाहेर जाऊन बसला, कारण ते वाचलेले त्याला पाहवत नव्हते. त्या पुस्तकाचा शेवट देवाच्या प्रश्नाने होतो: ज्या नगरात उजवा-डावा हातही न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आहेत, त्याची मला कीव येऊ नये काय? शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरू दिले नाही तेव्हा याकोब आणि योहान या त्याच्या शिष्यांनी आकाशातून अग्नी पाडावा काय असे विचारले, आणि येशूने वळून त्यांनाच धमकावले. धमकावण्याची वेळ आली ती शिष्यांवर, नाकारणाऱ्या गावावर नव्हे. ते सगळे मुकाट्याने दुसऱ्या गावी गेले.

याच्या उलट प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात म्हणतो की आपल्या बांधवांसाठी त्याच्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, आणि त्यांच्यासाठी आपण स्वतः ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल असे त्याला वाटते. इफिस येथील मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांचा निरोप घेताना त्याने आठवण करून दिली ती, तीन वर्षे रात्रंदिवस अश्रू गाळत आपण प्रत्येकाला सावध करत आलो याची. येशू यरुशलेमेवर येणारा नाश सांगतो तेव्हा तो रडत असतो. जो माणूस रडत सांगतो त्याच्या इशाऱ्यात सूड शोधता येत नाही.

अश्रू आणून दाखवता येत नाहीत आणि आणूही नयेत. पण बोलण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारता येतात. मागच्या वादात आपण हरलो होतो, त्याची भरपाई म्हणून तर हे बोलणे नाही ना? समोरच्याने एखाद्या प्रसंगी आपला अपमान केला, त्यानंतरच हा विषय आपल्याला इतका निकडीचा का वाटू लागला? त्याने नको म्हटले तर उद्या आपण त्याच्याशी आजच्यासारखेच वागू शकू काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की आपला इशारा खरा ठरला तर आपल्याला दुःख होईल, की मनाच्या एखाद्या कोपऱ्यात समाधान वाटेल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डळमळीत असेल तर तोंड उघडू नये; त्या माणसाचे नाव घेऊन काही आठवडे नुसती प्रार्थना करावी. अशी प्रार्थना केली की त्या माणसाच्या अडचणी, त्याचे आजारपण, त्याची काळजी हळूहळू आपल्या लक्षात येऊ लागते, आणि तो आपल्या लेखी 'नाकारणारा' एवढाच राहत नाही.

त्याने नेमके काय नाकारले आहे

नकार हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कोणी प्रश्न विचारले, कोणी उत्तर द्यायला वेळ मागितला, कोणी आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) यायला नकार दिला, तर एवढ्यावरून त्याने ख्रिस्ताला नाकारले असे होत नाही. बिरुया नगरातील लोक पौलाचे बोलणे खरे आहे की नाही हे रोज शास्त्र उघडून पडताळत होते, आणि प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक लिहिणारा लूक त्यांची निंदा न करता त्यांची थोरवी सांगतो. शिष्य थोमाने येशूच्या हातांतील खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय तो मेलेल्यांतून उठला यावर विश्वास ठेवणार नाही असे स्पष्ट सांगितले, तरी इतर शिष्यांनी त्याला बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला दिसतो. चौकशी करणाऱ्या माणसाला इशारा देणे म्हणजे त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही अशी कबुली देणे होय.

म्हणून आधी ऐकावे. ऐकून न घेता उत्तर देणे हे मूर्खपणाचे व लज्जास्पद आहे असे नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे, आणि या विषयात ते फारच लागू पडते. 'तुला यात काय पटत नाही?' असा एक प्रश्न विचारून पुढची दहा-पंधरा मिनिटे मध्ये न बोलण्याची शिस्त पाळली तर बहुधा आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळेच काही बाहेर येते. एखाद्याच्या घरात धर्माच्या नावाखाली मारहाण झालेली असते. एखादीने आजारी मुलासाठी प्रार्थना केलेली असते आणि ते मूल गेलेले असते. एखादा मंडळीत लहानाचा मोठा झालेला असतो, त्याला सगळी वचने पाठ असतात, आणि ज्या माणसाने ती शिकवली त्याचा ढोंगीपणाही त्याने जवळून पाहिलेला असतो. एखाद्याची आपल्या धर्मावर मनापासून श्रद्धा असते आणि त्याने विचार करूनच नको म्हटलेले असते. एखाद्याला या गोष्टीत काही रसच नसतो.

या सगळ्यांना एकच वाक्य ऐकवणे हा आळस आहे. यहूदाच्या छोट्याशा पत्रात शेवटी सांगितले आहे की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, काहींना अग्नीतून ओढून वाचवा, आणि काहींवर भीत भीत दया करा. म्हणजे एकाच पत्रात, लागोपाठच्या दोन वचनांत, वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी रीत सांगितली आहे. जो दुखावलेला आहे त्याच्यापुढे आधी दुखावणाऱ्याचा अन्याय मान्य करावा लागतो, आणि तो मान्य करताना 'तरीपण' हा शब्द जोडायचा नसतो. जो विचारपूर्वक दुसऱ्या धर्माचे पालन करतो त्याच्या श्रद्धेची टर उडवून त्याला सावध करता येत नाही. त्याच्या धर्माबद्दल आपण जे बोलू ते त्याच्याच जाणकाराने ऐकले तर त्याला खोटे वाटणार नाही एवढी खात्री आधी करून घ्यावी. ज्याला कंटाळा आहे त्याला इशाऱ्याने जाग येईल असे आपल्याला वाटते, पण माझ्या मते त्याला आधी येशूची एखादी गोष्ट वाचून दाखवणे अधिक उपयोगाचे असते. जे कधी नीट पाहिलेच नाही ते गमावण्याची भीती कोणाला वाटणार?

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. येशूची सर्वांत कठोर वाक्ये कोणाला उद्देशून आहेत ते शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तके, उघडून पाहावे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील 'तुम्हांला धिक्कार असो' हे पुन्हा पुन्हा येणारे बोल शास्त्री आणि परूशी यांच्यासाठी आहेत, म्हणजे ज्यांच्या हाती शास्त्र होते आणि जे दुसऱ्यांना वाट दाखवत होते त्यांच्यासाठी. त्याच अध्यायाच्या शेवटी, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसे तुमच्या मुलांना एकवटावे असे कितीदा मनात होते, हे यरुशलेमेला उद्देशून काढलेले उद्गार येतात. परक्याला कडक आणि आपल्या माणसाला मऊ ही आपली सवय येशूच्या रीतीच्या नेमकी उलट आहे.

आधी क्षमा, मग इशारा

क्रमासाठी प्रेषितांच्या कृत्यांतील दोन भाषणे वाचण्यासारखी आहेत. पिसिदियातील अंत्युखियाच्या यहूदी सभास्थानात पौल इस्राएलाचा इतिहास सांगतो, मग येशूचे मरण आणि पुनरुत्थान सांगतो, मग त्याच्याद्वारे पापांची क्षमा मिळते ही घोषणा करतो, आणि या सगळ्यानंतर एका वाक्यात म्हणतो की संदेष्ट्यांनी सांगितलेले तुमच्यावर येऊ नये म्हणून सांभाळा. हबक्कूकाच्या ग्रंथातील एक वचन तो ऐकवतो आणि थांबतो. लोक बाहेर पडताना पुढच्या शब्बाथी याच गोष्टी पुन्हा सांगा अशी विनंती करतात. इशारा ऐकून माणसे पुन्हा बोलावतात, हे इशारा कसा दिला गेला याचे चांगले प्रमाण आहे.

अथेन्समध्ये श्रोते वेगळे होते. तेथे पौल त्यांच्या नगरातील 'अज्ञात देवाला' अर्पण केलेल्या वेदीपासून बोलू लागतो, त्यांच्याच कवींचे शब्द घेतो, आणि देवाने न्यायाचा एक दिवस नेमला आहे हे अगदी शेवटी सांगतो. न्यायाचा विषय त्याने गाळला नाही; पण पहिल्या वाक्यातही आणला नाही. त्यानंतर तीन प्रकारचे लोक दिसतात: काहींनी थट्टा केली, काही म्हणाले याविषयी पुन्हा ऐकू, आणि दिओनुस्य, दामारी नावाची एक स्त्री व आणखी काही जण यांनी विश्वास ठेवला. थट्टा करणाऱ्यांच्या मागे पौल धावला नाही.

आपल्या बोलण्यातही हाच क्रम ठेवावा. समोरच्याला येशू कोण, त्याने काय केले आणि त्यातून आपल्याला काय मिळते, हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत सांगता येईल एवढे तरी त्याच्या कानी पडले आहे काय, हे आधी पाहावे. पडले नसेल तर इशाऱ्याची वेळ आलेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन आपण भिंतीवर लावतो आणि अठरावे वादात वापरतो, ही फाटाफूट बरी नाही. विश्वास न ठेवणाऱ्याच्या दोषाचे बोलणे तेथे देवाने जगावर प्रीती केली या बोलण्याच्या पाठोपाठ आले आहे, आणि मध्ये सतराव्या वचनात पुत्राला जगाचा न्याय करण्यासाठी नव्हे तर तारण करण्यासाठी पाठवले असे सांगितले आहे. तिन्ही वचने एका दमात वाचावीत.

प्रत्यक्ष शब्द

तयारी कितीही केली तरी ऐन वेळी जीभ अडखळते, म्हणून बोलायचे ते आधी लिहून काढावे आणि मोठ्याने वाचून पाहावे. एका धाकट्या भावाला आपल्या मोठ्या बहिणीशी बोलायचे आहे असे धरू. दोघेच आहेत, कोणाला कोठे जायची घाई नाही. तो म्हणू शकेल:

'ताई, येशूबद्दल मी मागे तुझ्याशी बोललो होतो आणि तू नको म्हणालीस. तुझी कारणं मी ऐकली आहेत, ती मला पोरकट वाटत नाहीत. पण त्यातली एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही, आणि ती न सांगता राहणं मला खोटेपणाचं वाटतं. देवानं येशूमध्ये जी क्षमा देऊ केली आहे ती परत केली, तर माणसाला त्याच्यासमोर आपल्या पापांचा हिशेब घेऊन एकट्यानं उभं राहावं लागतं, असं मी मानतो. माझ्याबद्दलही ते तेवढंच खरं आहे; मी काही तुझ्यापेक्षा चांगला म्हणून वाचलो नाही. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं मला फार वाटतं, म्हणून बोललो. तुला काय वाटतं ते सांग. आणि तू पुन्हा नको म्हणालीस तरी आपल्यात काही बदलणार नाही.'

यातील प्रत्येक वाक्य आपले काम करते. तिची कारणे ऐकली आहेत हे सुरुवातीलाच आल्यामुळे तिला ती पुन्हा मांडत बसावे लागत नाही. 'मी मानतो' असे म्हटल्याने इशारा सौम्य होत नाही, पण बोलणारा साक्षीदार आहे, निकाल देणारा नाही, हे स्पष्ट होते. 'माझ्याबद्दलही' हे शब्द गाळले तर बाकी सगळे बोलणे वरून खाली आल्यासारखे ऐकू येते. शेवटचे वाक्य नुसते म्हणायचे नसते, पुढच्या आठवड्यात ते खरे करून दाखवायचे असते. वडिलांशी बोलताना अर्थातच भाषा वेगळी होईल. 'बाबा, तुमची परवानगी असेल तर एक गोष्ट बोलू?' एवढे विचारून ते नको म्हणाले तर त्या दिवशी विषय सोडून द्यावा. परवानगी मागून मग ती नाकारल्यावरही बोलत राहणे हे मुळीच न विचारण्यापेक्षा वाईट आहे.

ताईचे उत्तर काय येईल? फार वेळा ते असे असते: 'म्हणजे आई नरकात गेली, असं तुला म्हणायचंय का?' या प्रश्नाची तयारी नसेल तर बोलायला जाऊच नये. येथे धडधडीत होकार देणारा आपल्या अधिकाराबाहेर बोलतो, आणि घाईने नाही म्हणणाराही तेच करतो. 'आईचा निकाल देणं माझ्या हातात नाही. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करील, असं अब्राहाम म्हणाला होता, आणि माझाही त्यावरच भरवसा आहे. शेवटच्या घटकेला आईच्या आणि देवाच्या मध्ये काय झालं ते मला माहीत नाही. मी तुझ्याशी बोलतोय, कारण तू माझ्यासमोर आहेस.' असे किंवा याच्या जवळपासचे उत्तर खरेही आहे आणि दयाळूही. क्रूसावर शेजारी टांगलेल्या एका गुन्हेगाराला शेवटच्या काही तासांत सुखलोकाचे वचन मिळाले, हे ज्याने वाचले आहे त्याने मृतांच्या याद्या करू नयेत.

न्यायाविषयी किती बोलावे

येशूने या विषयावर बोलताना चित्रे वापरली: बाहेरचा अंधार, न विझणारा अग्नी, आतून बंद झालेले दार, रडणे आणि दात खाणे. या चित्रांचा अर्थ लावण्यात ख्रिस्ती मंडळ्या एकमताच्या नाहीत. बहुसंख्य परंपरा अनंत शिक्षा मानते. काही जण अखेरचा पूर्ण नाश मानतात. आणि अखेरीस सर्वांना देव परत आणील अशी आशा बाळगणारेही प्राचीन काळापासून आहेत. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता कधी पोहोचलीच नाही त्यांच्याविषयीही एकमत नाही. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मंडळीविषयीच्या आपल्या दस्तऐवजात असे म्हटले की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात, त्यांना तारण मिळू शकते, तर अनेक इव्हँजेलिकल (बायबल व व्यक्तिगत विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्या या बाबतीत अधिक सावधपणे किंवा अधिक कडकपणे बोलतात. आपल्या मंडळीची शिकवण काय आहे हे आपल्या पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) विचारून घ्यावे आणि तेवढेच सांगावे. शास्त्रात नसलेले तपमान, यातनांची वर्णने, कोणाला तरी पडलेली भयानक स्वप्ने यांची भर घालू नये. भीतीने थरकाप उडवून मिळवलेला होकार बहुधा भीती ओसरेपर्यंतच टिकतो.

इशाऱ्याचा अर्धा भाग मरणानंतरचा आहे, पण दुसरा अर्धा आजचा आहे, आणि तो आपण फार कमी बोलतो. इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'आज' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: आज त्याची वाणी ऐकाल तर मने कठीण करू नका. एखादी गोष्ट खरी वाटत असूनही बाजूला सारली की पुढच्या खेपेला ती बाजूला सारणे सोपे जाते, हे समोरच्यालाही आपल्या अनुभवावरून पटण्यासारखे असते. ज्याच्या ताब्यात पौल कैदी होता त्या रोमी सुभेदार फेलिक्सचे उदाहरण यासाठी पाहावे. पौल त्याच्याशी नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलला तेव्हा फेलिक्स घाबरला, पण म्हणाला की सध्या जा, सवड मिळाली म्हणजे बोलावीन. त्याने पुढे पुष्कळदा बोलावले, मनात पैशांची आशा धरून. दोन वर्षे गेली, आणि पौलाला बंदिवासात तसाच ठेवून तो निघून गेला. कोणाला हे उदाहरण सांगायचे असेल तर सांगावे, फक्त 'तू फेलिक्ससारखा आहेस' हे वाक्य आपण होऊन जोडू नये.

जेथे थांबलेच पाहिजे

शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिले. मग ऐकणाऱ्यांना म्हणाला की पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. यातून एक सरळ नियम निघतो: दुसऱ्यावर आलेले संकट इशाऱ्याचा पुरावा म्हणून वापरायचे नाही. अपघात, नापीक वर्ष, मूल न होणे, नोकरी जाणे यांना 'देवाने दिलेला इशारा' म्हणणारा माणूस, ईयोबावरची संकटे त्याच्या पापामुळेच आली म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांच्या पंगतीला जाऊन बसतो, आणि ते मित्र आपल्याविषयी खरे बोलले नाहीत हा देवाचा अभिप्राय ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात लिहिला आहे. मरणाऱ्याच्या उशाशी क्षमेचे बोलावे, तेही त्याला ऐकायचे असेल तर. अंत्यविधीला जमलेल्या शोकाकुल कुटुंबाला उद्देशून न्यायाचे प्रवचन करू नये. लहान मुलांना नरकाची भीती घालून शिस्त लावू नये. ज्याचे मन आजारी आहे, जो आधीच आपण शापित आहोत या विचाराने झोपू शकत नाही, किंवा जो जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे बोलतो, त्याला इशारा देणे धोक्याचे आहे. त्याला सोबत, दिलासा आणि तातडीने वैद्यकीय मदत हवी असते.

ज्याची भाकर, नोकरी, उपचार किंवा परीक्षेचे गुण आपल्या हातात आहेत त्याला इशारा देताना तर दहादा विचार करावा, आणि शक्यतो ते काम दुसऱ्यावर सोपवावे, कारण त्याला नको म्हणण्याचे स्वातंत्र्य उरलेले नसते. व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या एरवी फारसे एकत्र न बोलणाऱ्या तीन संस्थांनी २०११ मध्ये ख्रिस्ती साक्षीच्या आचाराविषयी संयुक्त निवेदन काढले. लोकांच्या गरिबीचा व गरजेचा गैरफायदा घेणे, पैशाचे आमिष दाखवणे, इतर धर्मांविषयी खोटी साक्ष देणे या गोष्टी त्यात नाकारल्या आहेत, आणि धर्म बदलण्यासारख्या निर्णयासाठी माणसाला विचार करायला पुरेसा वेळ व पूर्ण स्वातंत्र्य मिळाले पाहिजे असे म्हटले आहे. धर्म मानण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमातही आहे. तो जाहीरनामा नसता तरी येशूने श्रीमंत तरुणाला जाऊ दिले होतेच. मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, मग आपले सर्व विकून गरिबांना दे ही अवघड गोष्ट सांगितली, आणि तो खिन्न होऊन गेला तेव्हा अट कमी करण्यासाठी त्याला परत हाक मारली नाही.

लेखी इशारा द्यायचा असेल तर पत्र बरे, मोबाइलवरचा संदेश नव्हे. कुटुंबाच्या गटात तर कधीच नाही. चारचौघांसमोर दिलेल्या इशाऱ्याला माणूस चारचौघांसाठी उत्तर देतो. चित्रे आणि तयार भाषणे पुढे पाठवत राहणे हाही इशारा नव्हे, ती टोचणी आहे.

नकारानंतर

यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याचा दाखला विश्वासणाऱ्यांना माहीत असतो, आणि कित्येकांच्या मनावर तो दडपण म्हणून बसतो: मी बोललो नाही तर त्याचे रक्त माझ्या माथी. पण तो दाखला नीट वाचला तर तो कर्तव्य जसे सांगतो तशी त्याची मर्यादाही सांगतो. पहारेकऱ्याने तलवार येताना पाहून कर्णा वाजवायचा. ऐकणाऱ्यांना घराबाहेर ओढून काढायचे काम त्याच्याकडे दिलेले नाही. त्याच अध्यायात देव शपथेवर सांगतो की दुर्जनाच्या मरणाने मला संतोष होत नाही. इशारा एकदा स्पष्ट, समजेल असा दिला गेला की त्याची उजळणी करण्याची जबाबदारी आपली नाही. समोरच्याने 'हा विषय पुन्हा काढू नकोस' असे म्हटले तर 'बरं, नाही काढणार' म्हणावे आणि तो शब्द पाळावा. शब्द पाळणारा माणूस म्हणून आपली जी ओळख उरेल तिचा पुढे उपयोग होतो.

सर्वांत जवळच्या नात्यात तर शास्त्रानेच शब्द कमी करायला सांगितले आहेत. वचन न मानणाऱ्या पतींविषयी पेत्र पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो की पत्नींच्या आचरणाने, एकही शब्द न बोलता, ते मिळवले जावेत. रोज एका छताखाली राहणाऱ्याला आपले मत ठाऊक असतेच. त्याला पाहायचे असते ते त्या मताने आपला राग, आपला पैसा आणि आपली चूक कबूल करण्याची तयारी यांत काय फरक पडतो हे. जे गाव तुम्हांला स्वीकारत नाही तेथून निघताना पायांची धूळ झटका, ही येशूची आज्ञा काही जण अशा वेळी पुढे करतात. ती आज्ञा गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांना दिलेली होती. भावाशी बोलणे टाकायला किंवा मुलीच्या लग्नाला न जायला तिचा आधार घेता येत नाही. अविश्वासी जोडीदार एकत्र राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये, असे पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो.

आपल्या बोलण्याच्या पद्धतीने तो दुखावला असेल तर पद्धतीबद्दल क्षमा मागावी, आणि ती मागताना संदेश पुन्हा सांगू नये.

आणि होकार आला तर

पुष्कळ जण नकाराची तयारी करून जातात आणि होकाराने गोंधळतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्राचे भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागून त्यांनी विचारले की आम्ही काय करावे, आणि पेत्राजवळ उत्तर होते. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने तेच विचारले, तेव्हा पौल व सीला यांनी एका वाक्यात उत्तर दिले आणि मग त्याला व त्याच्या घरच्या सर्वांना प्रभूचे वचन बसून सांगितले. वर्षांनंतर फोन करून कोणी 'तू तेव्हा जे म्हणाला होतास ते पुन्हा सांग' असे म्हणाले तर 'मी सांगत नव्हतो का?' हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत. येशूकडे वळण्यासाठी त्याला आधी चांगले व्हावे लागणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे. मार्काचे शुभवर्तमान त्याच्या हाती द्यावे. सोळाच अध्याय आहेत, एका सुट्टीच्या दिवशी सहज वाचून होतात. वाचताना जे खटकेल त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करायला सांगावे आणि पुढच्या भेटीत त्या खुणांपासूनच बोलायला लागावे. बाप्तिस्म्याची घाई करू नये, त्याच्या घरच्यांना हे त्यानेच, त्याला योग्य वाटेल तेव्हा सांगू द्यावे, आणि ज्या पाळकांकडे त्याला नेणार त्यांना तो काय काय सोसून येथवर आला आहे हे त्याच्या परवानगीने आधी कळवून ठेवावे.